‘मार्था’ची ध्वनिमुद्रणे शोधताना: पूर्ण ऑपेरा आणि गाजलेल्या आरिया मिळवण्याची क्रमवार पद्धत

जर्मन संगीतकार फ्रीडरिख फॉन फ्लोटो याचा ‘मार्था’ हा चार अंकी ऑपेरा 25 नोव्हेंबर 1847 रोजी व्हिएन्नाच्या रंगमंचावर आला. जर्मन भाषिक प्रदेश सोडले तर आज तो पूर्ण स्वरूपात क्वचितच सादर होतो. मात्र त्यातली टेनर (उंच पुरुषी आवाजाच्या) गायकाची एक आरिया, म्हणजे एकट्याने गायचे गीत, आणि सोप्रानोच्या (उंच आवाजाच्या गायिकेच्या) तोंडचे एक गीत ऑपेरा न ऐकणाऱ्यांच्याही कानांवरून गेलेले असते. मूळ ऑपेरा बाजूला पडला आणि दोन गाणी मात्र सर्वत्र पसरली, त्यामुळे ही ध्वनिमुद्रणे शोधणाऱ्यांची हमखास फसगत होते. पूर्ण ऑपेरा समजून निवडक गाण्यांची तबकडी विकत घेतली जाते, जर्मन गायन हवे असताना इटालियन हाती लागते, आणि एकाच जुन्या तबकडीच्या दहा प्रती दहा वेगळी ध्वनिमुद्रणे म्हणून जपून ठेवल्या जातात.

या चुकांचे मूळ बहुतेक वेळा शोधाच्या क्रमात असते. वाचक आधी यूट्यूब किंवा एखादी गाण्यांची सेवा उघडतो, जे पहिले दिसेल ते ऐकतो आणि मग ते काय आहे याचा विचार करू लागतो. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी सूचीतून ध्वनिमुद्रणाची ओळख निश्चित करावी आणि त्यानंतरच ते ऐकण्यासाठी शोधावे. पुढील सर्व टप्पे याच तत्त्वावर आखलेले आहेत.

टप्पा 1: नेमके काय हवे ते लिहून काढावे

शोध सुरू करण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहावे, उदाहरणार्थ ‘मला संपूर्ण ऑपेरा जर्मन भाषेत हवा आहे’ किंवा ‘मला 1925 पूर्वीच्या तबकड्यांवरची फक्त टेनरची आरिया हवी आहे’. हे किरकोळ वाटेल, पण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हे वाक्य उपयोगी पडते, कारण पूर्ण ऑपेराच्या सूच्या आणि सुट्या आरियांच्या सूच्या वेगळ्या असतात आणि त्या वाचण्याची रीतही वेगळी असते. नाट्यपद आपण नाटकाच्या प्रयोगात ऐकतो आणि मैफलीतही ऐकतो, आणि दोन्हींची मांडणी सारखी नसते हे मराठी श्रोत्याला सांगावे लागत नाही. सुटी ध्वनिमुद्रित आरिया मैफलीतल्या पदासारखी समजावी. ती रंगमंचावरच्या प्रसंगापासून तोडलेली असते, पुष्कळदा कापलेली असते आणि कधी कधी तिची भाषाही बदललेली असते.

टप्पा 2: नावांची वही तयार करावी

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि सर्वांत जास्त फळ देणाराही हाच आहे. ‘मार्था’ मूळ जर्मन भाषेत असला तरी इटालियन रूपांतरात तो जगभर गायला गेला आणि जुन्या तबकड्यांचा मोठा भाग इटालियन भाषेतच आहे. परिणामी प्रत्येक गाण्याला निदान दोन नावे आहेत. वहीत एका गाण्यासाठी एक ओळ ठेवावी आणि तीत पुढील जोड्या लिहाव्यात.

लायोनेल या टेनर पात्राची तिसऱ्या अंकातली आरिया जर्मनमध्ये ‘आख, झो फ्रोम’ अशी सुरू होते आणि इटालियनमध्ये ‘माप्पारी तुत्तामोर’ अशी. ‘मार्था’ हे खोटे नाव घेऊन वावरणाऱ्या लेडी हॅरिएटच्या तोंडचे दुसऱ्या अंकातले गीत जर्मनमध्ये ‘लेट्सटे रोझे’ आहे आणि इटालियनमध्ये ‘क्वी सोला, व्हेर्जिन रोझा’. दुसऱ्या अंकाच्या शेवटी चौघे मिळून निरोप घेताना गातात, त्या चौकडीचा इटालियन भाग ‘दोर्मी पुर’ या शब्दांनी ओळखला जातो. प्लंकेट या बास (खर्जातल्या पुरुषी आवाजाच्या) पात्राचे बिअरचे गुणगान करणारे गीत जर्मनमध्ये ‘लास्ट मिख ऑइख फ्रागेन’ आहे आणि इटालियनमध्ये ‘की मी दिरा’. तिसऱ्या अंकाच्या अखेरीस सर्वांचे मोठे समूहगान आहे, ते जर्मनमध्ये ‘माग देर हिमेल ऑइख फेरगेबेन’ या शब्दांनी सुरू होते.

ही नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत. शोधासाठी रोमन लिपीतले अचूक लेखन लागते आणि ते ऐकीव माहितीवरून लिहू नये. आयएमएसएलपी या स्वरलेखनांच्या मुक्त संग्रहात या ऑपेराची पियानोसह गायनाची जुनी पुस्तके आहेत. त्यांतल्या अनुक्रमणिकेतून प्रत्येक गाण्याचे पहिले शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. गाणे कोणत्या अंकात येते आणि त्याचा क्रमांक काय, हेही त्याच ओळीत लिहावे.

ऑपेराच्या नावातच एक सापळा आहे. जर्मन लेखनात ‘टी’नंतर ‘एच’ येतो, इटालियन लेखनात तो येत नाही. एका लेखनाने शोधले तर दुसऱ्या भाषेतली कितीतरी ध्वनिमुद्रणे यादीतच येत नाहीत. पात्रांच्या नावांचेही तसेच आहे. इटालियन तबकडीवर हॅरिएट ही एन्रिकेत्ता होते आणि लायोनेल हा लिओनेल्लो होतो. ‘माप्पारी’च्या रोमन लेखनात पहिल्या अक्षरानंतर लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) आहे आणि शेवटच्या अक्षरावर स्वराघाताची खूण आहे. काही शोधयंत्रणा ही चिन्हे मानतात, काही गाळतात. त्यामुळे चिन्हांसह एकदा, चिन्हांशिवाय एकदा आणि लोपचिन्हाच्या जागी मोकळी जागा सोडून एकदा, असे तीन वेळा शोधावे.

*सावधान:* केवळ ऑपेराच्या नावाने शोधल्यास गुनोच्या ‘फाउस्ट’मधली मार्थ आणि द’आल्बेर याच्या ‘टीफलांट’मधली मार्ता या पात्रांचे उतारेही निकालांत मिसळतात. याशिवाय ‘मार्था’चा प्रारंभीचा वाद्यवृंदाचा भाग स्वतंत्रपणे पुष्कळदा ध्वनिमुद्रित झालेला असल्याने त्याचीही गर्दी होते. शोधशब्दांत संगीतकाराचे आडनाव नेहमी जोडावे.

*पडताळणी:* वहीत प्रत्येक गाण्यासमोर दोन भाषांतले शब्द, अंक आणि गाणाऱ्या पात्राचे नाव आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा 3: पूर्ण ध्वनिमुद्रणे आधी निश्चित करावीत

सुट्या आरियाच हव्या असल्या तरी सुरुवात पूर्ण ध्वनिमुद्रणांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. पूर्ण ऑपेरा एकदा ऐकला की कोणत्या प्रसंगात काय गायले जाते हे कानात बसते आणि पुढे कापलेले किंवा चुकीच्या नावाचे तुकडे लगेच ओळखू येतात.

शोधासाठी चार खुणेचे खांब पुरेसे आहेत. पहिले 1944 चे बर्लिनमधले, योहानेस श्यूलर यांच्या वाद्यवृंद-संचालनाखालचे, त्यात एर्ना बर्गर, पेटर आंडर्स आणि योझेफ ग्राइंडल आहेत. दुसरे 1953 चे इटालियन भाषेतले, चेत्रा कंपनीचे, संचालक फ्रान्चेस्को मोलिनारी-प्रादेल्ली आणि टेनर फेर्रुच्चो ताल्याविनी. तिसरे 1968 चे म्युनिकमधले, संचालक रोबर्ट हेगर, गायक आनेलीसे रोथेनबर्गर, ब्रिगिटे फासबेंडर, निकोलाय गेडा आणि हेरमान प्रे. चौथे 1977 चे, तेही म्युनिकमधलेच, संचालक हाइन्झ वालबर्ग, गायक लुचिया पोप, डोरिस सोफेल, झीगफ्रीड येरुझालेम आणि कार्ल रिडरबुश. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने 1968 किंवा 1977 पैकी एक निवडावे, कारण दोन्हींत ध्वनी स्वच्छ आहे आणि मूळ जर्मन भाषा आहे. 1944 च्या ध्वनिमुद्रणातले आंडर्स आणि बर्गर मला स्वतःला फार प्रिय आहेत, पण त्यातला जुना ध्वनी नवख्या श्रोत्याला दूर लोटू शकतो, म्हणून ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवावे.

इंग्रजी भाषेतला प्रयोग ऐकायचा असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 1961 मध्ये हा ऑपेरा इंग्रजीत केला होता, त्यात व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस आणि रिचर्ड टकर होते. मेट्रोपॉलिटनच्या प्रयोगांची तारीखवार नोंद तिच्या खुल्या संग्रहसूचीत मिळते. कोणत्या तारखेला कोण गायले हे आधी तेथे पाहावे आणि मगच त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण शोधावे.

आता या टप्प्यावरची सर्वांत महागडी चूक. 1960 मध्ये बेरिस्लाव क्लोबुचार यांच्या संचालनाखाली ‘मार्था’तल्या निवडक भागांचे ध्वनिमुद्रण झाले, त्यात रोथेनबर्गर, फ्रिट्झ वुंडरलिख, हेट्टी प्ल्यूमाखर आणि गोटलोब फ्रिक आहेत. रोथेनबर्गर यांचे नाव 1960 च्या निवडीतही आहे आणि 1968 च्या पूर्ण ध्वनिमुद्रणातही आहे, त्यामुळे विक्रेते आणि ग्राहक दोघेही गोंधळतात. काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या तबकड्यांच्या विक्रेत्याकडून ‘मार्था, वुंडरलिख आणि रोथेनबर्गर’ एवढ्याच वर्णनावर एलपी मागवली होती. वुंडरलिखच्या आवाजात पूर्ण ऑपेरा मिळणार या आनंदात मी पहिल्या अंकातला रिचमंडच्या बाजाराचा प्रसंग ऐकायला बसलो आणि गाण्यांमधले दुवेच गायब असल्याचे ध्यानात आले. वेष्टण नीट पाहिले तेव्हा एका कोपऱ्यात लहान अक्षरांत एक जर्मन शब्द दिसला, ‘क्वेरश्निट’, म्हणजे निवडक उतारे. गायन अप्रतिम होते आणि ती एलपी आजही माझ्याकडे आहे, परंतु मला जे हवे होते ते ती नव्हती.

*सावधान:* जर्मन वेष्टणावर ‘क्वेरश्निट’ किंवा ‘आउसत्स्यूगे’, आणि इंग्रजी वेष्टणावर ‘हायलाइट्स’ किंवा ‘एक्सर्प्ट्स’ यांपैकी काहीही लिहिलेले असेल तर तो पूर्ण ऑपेरा नाही.

*पडताळणी:* तबकड्यांची संख्या आणि एकूण कालावधी पाहावा. हा ऑपेरा पूर्ण गायला तर दोन तासांच्या घरात जातो, म्हणून एकाच एलपीवर तो मावूच शकत नाही. डिजिटल संचात पन्नास-साठ मिनिटेच दिसत असतील तर ती निवड आहे असे समजावे, मग मुखपृष्ठावर काहीही लिहिलेले असो.

टप्पा 4: टेनरची आरिया सूचीतून शोधावी

लायोनेलच्या आरियेची ध्वनिमुद्रणे असंख्य आहेत. म्हणून या टप्प्यावर ‘सर्व’ गोळा करण्याचा हट्ट सोडावा आणि गायकाच्या नावाने शोध घ्यावा. इटालियन परंपरेत एन्रिको कारुसो, बेनियामिनो जिली आणि टिटो स्कीपा, तर जर्मन परंपरेत योझेफ श्मिट आणि पेटर आंडर्स यांच्यापासून सुरुवात केल्यास दोन्ही वळणे लगेच कानांत बसतात. इटालियन गायन बहुधा मोकळे आणि शेवटी भडकणारे असते, तर जर्मन गायन शब्दांच्या मऊ उच्चारावर टिकलेले असते.

शोधाचे उदाहरण म्हणून कारुसोची तबकडी घेऊ. सॅन्टा बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ अमेरिकी जुन्या ध्वनिमुद्रणांची एक मोठी खुली सूची चालवते. तिचे संक्षिप्त नाव डीएएचआर. तीत गायकाचे नाव आणि वहीतले इटालियन शब्द टाकल्यावर फेब्रुवारी 1906 मधले व्हिक्टर कंपनीचे ध्वनिमुद्रण समोर येते. त्याचा मॅट्रिक्स क्रमांक सी-3100 आणि विक्रीचा क्रमांक 88001. हे दोन क्रमांक भिन्न आहेत आणि त्यांतला फरक समजणे हा या संपूर्ण पद्धतीचा कणा आहे. मॅट्रिक्स क्रमांक त्या दिवशी मेणाच्या तबकडीवर कोरलेल्या मूळ ध्वनीचा असतो. त्याच्या शेवटी लहान आकडा असेल तर तो कितव्या प्रयत्नाचा ध्वनी आहे हे सांगतो. विक्रीचा क्रमांक दुकानातल्या मालाचा असतो. तो देशागणिक आणि आवृत्तीगणिक बदलतो. म्हणून वहीत नेहमी मॅट्रिक्स क्रमांक लिहावा आणि विक्रीचा क्रमांक त्याच्यापुढे कंसात लिहावा.

प्रत्यक्ष तबकडी हातात असेल तर मॅट्रिक्स क्रमांक लेबलवर शोधू नये. शेवटची रेघ आणि लेबल यांच्यामध्ये जो गुळगुळीत काळा पट्टा असतो, त्यात तो दाबून उमटवलेला असतो. तबकडी खिडकीजवळ नेऊन प्रकाश तिरपा पडेल अशी धरावी आणि हळूहळू फिरवावी. एका विशिष्ट कोनात अंक उठून दिसतात. बोटाने तो भाग घासू नये, तळव्याचा घाम रेघांत उतरतो. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात पाश्चात्त्य संगीताच्या जुन्या तबकड्या अधूनमधून सापडतात, तेथे ही सवय फार उपयोगी पडते, कारण लेबल फाटलेले असले तरी दाबलेले अंक शाबूत राहतात.

युरोपातल्या ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांसाठी ॲलन केली यांनी आयुष्यभर संकलित केलेल्या मॅट्रिक्स याद्या उपलब्ध आहेत. जर्मन ध्वनिमुद्रणांसाठी जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संगीत संग्रहाची सूची पाहावी. पूर्ण ऑपेरांसाठी ऑपेराडिस ही सूची सोयीची आहे. डिस्कॉग्जसारख्या ठिकाणी लोकांनी स्वतः भरलेली माहिती असते. तेथील वेष्टणांची छायाचित्रे अतिशय उपयुक्त असतात, पण तारखांवर विसंबू नये, कारण पुष्कळदा तबकडी विक्रीला आल्याचे वर्ष ध्वनिमुद्रणाचे वर्ष म्हणून लिहिलेले असते.

*सावधान:* कारुसो 1921 मध्ये वारला. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण 1925 पासून रूढ झाले आणि त्यानंतर 1930 च्या दशकात त्याच्या काही जुन्या तबकड्यांवर नव्या वाद्यवृंदाचा थर चढवून त्या पुन्हा विकल्या गेल्या. पुढे डिजिटल काळातही हाच प्रयोग झाला. गायकाचा आवाज अरुंद, नळीतून आल्यासारखा, आणि त्यामागची व्हायोलिने मात्र स्वच्छ व भरलेली ऐकू आली तर ते मूळ ध्वनिमुद्रण नाही असे समजावे.

टप्पा 5: मगच ऐकण्याची ठिकाणे उघडावीत

क्रमांक हाती आल्यावर ध्वनी शोधणे सोपे होते. व्हिक्टरच्या जुन्या तबकड्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल ज्यूकबॉक्स या विभागात मोठ्या प्रमाणावर ऐकता येतात. इंटरनेट अर्काइव्हवर 78 वेगाच्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) तबकड्यांचा प्रचंड साठा आहे आणि तेथे पुष्कळदा एकाच तबकडीची वेगवेगळ्या जाडीच्या सुयांनी घेतलेली रूपे एकत्र ठेवलेली असतात. तीनचार रूपे ऐकून ज्यात खरखर कमी आणि आवाजाची धार शाबूत आहे ते निवडावे. खरखर पूर्ण पुसलेली प्रत चांगली असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात अति सफाईत आवाजाचा वरचा भागच कापला जातो आणि गायकाचे ‘स’ आणि ‘श’ एकसारखे होतात. थोडी खरखर सोसावी, आवाज गमावू नये. फ्रेंच भाषेतल्या किंवा फ्रान्समध्ये निघालेल्या तबकड्यांसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा गॅलिका हा संग्रह पाहावा.

गाण्यांच्या सशुल्क सेवांवर एकाच आरियेच्या कितीतरी नोंदी दिसतात आणि प्रत्येकीवर ‘रीमास्टर्ड’ असा शब्द असतो. त्यांचा कालावधी सेकंदापर्यंत जुळत असेल तर त्या बहुधा एकाच प्रतीच्या नकला आहेत असे धरून एकच ठेवावी.

टप्पा 6: ‘लेट्सटे रोझे’साठी वेगळी चाळणी

या गीताला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. त्याची चाल फ्लोटोची नाही. ती एक आयरिश लोकधून आहे आणि तिच्यावर टॉमस मूर याने रचलेली उन्हाळ्यातल्या अखेरच्या गुलाबाची कविता त्याआधीच प्रसिद्ध होती. फ्लोटोने ती ऑपेरात गुंफली. त्यामुळे ‘द लास्ट रोझ ऑफ समर’ या इंग्रजी नावाने शोधल्यास बैठकीतली गायने, बँडची वादने, व्हायोलिनच्या रचना आणि शाळांची समूहगायने यांचा ढीग समोर येतो आणि त्यांतल्या बहुतेकांचा ‘मार्था’शी काही संबंध नसतो.

चाळणी अशी लावावी. गायन जर्मनमध्ये ‘लेट्सटे रोझे’ किंवा इटालियनमध्ये ‘क्वी सोला’ या शब्दांनी सुरू होत असेल तर ते ऑपेरातले आहे असे मानायला हरकत नाही. गायन इंग्रजीत असेल तर केवळ भाषेवरून निर्णय घेऊ नये, कारण ऑपेराच्या प्रयोगातही काही सोप्रानो हे गीत इंग्रजीत गात असत. अशा वेळी लेबलवर ऑपेराचे नाव आहे का ते पाहावे, साथ वाद्यवृंदाची आहे की नुसत्या पियानोची हे ऐकावे आणि टेनरचा आवाज येतो का याकडे कान द्यावा. ऑपेरात हे गीत हॅरिएट आणि लायोनेल यांच्या प्रसंगाच्या ओघात येते आणि तेथे लायोनेलही सूर मिसळतो.

आडेलिना पात्ती हिने 1905 मध्ये वयाच्या साठीनंतर हे गीत इंग्रजीत ध्वनिमुद्रित केले. पात्तीचा आवाज म्हणून ते अवश्य ऐकावे. पण ते ऑपेरातल्या प्रसंगाचे ध्वनिमुद्रण म्हणून वहीत नोंदवू नये, त्यासाठी ‘सुटे गीत’ असा वेगळा रकाना ठेवावा.

टप्पा 7: चौकडीच्या तबकड्या क्रमाने लावाव्यात

1912 मध्ये व्हिक्टर कंपनीने दुसऱ्या अंकातल्या चौकडीचे भाग फ्रान्सेस आल्डा, जोसेफीन जेकोबी, कारुसो आणि मार्सेल जुर्ने यांच्या आवाजांत चार बाजूंवर ध्वनिमुद्रित केले. तेव्हा कंपनीच्या नामवंत गायकांच्या तबकड्या एकाच बाजूने ध्वनी असलेल्या असत, म्हणजे चार तबकड्या सुट्या विकल्या गेल्या आणि आज त्या सुट्याच सापडतात. डिजिटल संचांत त्यांचा क्रम पुष्कळदा अक्षरानुक्रमे लावलेला असतो, आणि मग निरोपाचे ‘दोर्मी पुर’ आधी आणि घरात प्रवेश नंतर असा उलटा प्रकार होतो. नोटेशनचे पुस्तक उघडे ठेवून घरात येणे, गोंधळणे, चरख्यावर सूत कातणे आणि शेवटी निरोप असा प्रसंगाचा क्रम लावून घ्यावा. चारही बाजू योग्य क्रमाने लागोपाठ ऐकल्या की शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या चार गायकांचा खेळकरपणा अंगावर येतो. या सबंध शोधातला माझा सर्वांत आवडता अनुभव हाच आहे.

*पडताळणी:* एका बाजूचा शेवटचा शब्द आणि पुढच्या बाजूचा पहिला शब्द पुस्तकात लागोपाठ येतात का? मध्ये ओळी गळलेल्या असतील तर ती काटछाट वहीत लिहावी.

टप्पा 8: सूर आणि वेग तपासावा

जुन्या तबकड्या ‘78 वेगाच्या’ म्हणवल्या जात असल्या तरी सुरुवातीच्या काळात प्रत्येक तबकडी नेमक्या त्याच वेगाने कोरलेली नसे. चुकीच्या वेगाने डिजिटल प्रत घेतली की गायकाचा आवाज चिमणा किंवा घोगरा होतो आणि आपण गायकालाच दोष देतो. वेगात सुमारे 6 टक्के फरक पडला की सूर एका अर्ध्या स्वराने सरकतो. 78 ऐवजी साधारण 73.6 फेऱ्यांनी फिरवले तर गाणे अर्धा स्वर उतरते.

लायोनेलची आरिया छापील स्वरलेखनात एफ मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी चारचा षड्ज, आणि तिचा सर्वांत उंच स्वर काळी पाचवर येतो. गाण्याच्या शेवटी वाद्यवृंद ज्या स्वरावर विसावतो तो स्वर फोनवरच्या ट्यूनरने मोजावा. पेटी जुनी असेल तर तिच्यावर विसंबू नये. स्वर पांढरी चारच्या जवळ आला तर वेग ठीक आहे. तो पांढरी तीनवर आला तर दोन शक्यता आहेत: गायकाने आरिया अर्धा स्वर खाली घेऊन गायली आहे, किंवा तबकडी हळू फिरवली आहे. आवाजाचा कंप आणि शब्दांची गती सहज वाटते का, यावरून निर्णय करावा. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या अगदी मधोमध आला तर वेगाची चूक जवळजवळ नक्की समजावी.

*सावधान:* स्वर किंचित उतरलेला दिसला म्हणून लगेच वेग वाढवू नये. त्या काळी सर्वत्र 440 कंपनांचा मानक स्वर पाळला जात नसे. 435 च्या मानकावर लावलेला वाद्यवृंद आजच्या ट्यूनरवर अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या भागाएवढा उतरलेला दिसतो आणि ते बरोबरच असते.

टप्पा 9: उतरवून घेण्यापूर्वी हक्क पाहावेत, मग नाव द्यावे

अमेरिकेत 1923 पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे 1 जानेवारी 2022 पासून सर्वांसाठी खुली झाली आहेत. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे कारुसोच्या तबकड्यांबाबत अडचण नाही, पण 1968 आणि 1977 ची पूर्ण ध्वनिमुद्रणे कोणी फुकट चढवलेली दिसली तरी ती विकत घेऊन किंवा अधिकृत सेवेवरच ऐकावीत. जुन्या तबकडीवरून एखाद्या कंपनीने आज केलेली नवी सफाई हा वेगळा विषय असतो, त्यामुळे शक्यतो ग्रंथालयाच्या संग्रहातलीच प्रत घ्यावी.

फाइल उतरवताना ध्वनीचा काही भाग गाळून लहान केलेल्या (एमपी3सारख्या) स्वरूपाऐवजी काहीही न गाळणारे फ्लॅक हे स्वरूप निवडावे आणि मूळ फाइलला हात न लावता तिची नक्कल करून तीवरच वेगाची दुरुस्ती करावी. फाइलच्या नावात हा क्रम ठेवावा: गायक, गाण्याचे पहिले शब्द, भाषा, ध्वनिमुद्रणाचे वर्ष, मॅट्रिक्स क्रमांक, प्रत कोठून घेतली. ‘माप्पारी 1’, ‘माप्पारी 2’, ‘माप्पारी नवीन’ अशी नावे दिलेला संग्रह सहा महिन्यांत निरुपयोगी होतो.

*शेवटची पडताळणी:* प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐकावी. जर्मन म्हणून नोंदवलेल्या आरियेत पहिले शब्द ‘आख, झो फ्रोम’ आहेत का आणि उत्तरार्धात लायोनेल मार्थाला नावाने हाक मारतो ती जागा आहे का, हे पाहावे. ती हाक कापलेली असेल तर गाणे तबकडीवर बसवण्यासाठी आखडलेले आहे. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटांपेक्षा जास्त ध्वनी बसत नसे आणि दहा इंचीवर साधारण तीनच मिनिटे बसत. अशा फाइलच्या नावात ‘संक्षिप्त’ हा शब्द घालावा आणि त्याच गायकाची पूर्ण प्रत नंतरच्या काळात निघाली आहे का, हे टप्पा 4 मधल्या सूचीत पुन्हा पाहावे.